अकरा ताई उंच

झाडांच्या खात्यात झाडाची उंची मीटरमध्ये सांगायची पद्धत नव्हती. कागदावर मीटर लिहायचे, पण तोंडाने बोलायचं ते ताई. "चौदा नंबरचा अक्रोड किती?" असं कोणी विचारलं की टेबलाआडून उत्तर यायचं, "सहा ताई." "आणि शाळेमागचे भुर्ज?" "नऊ ताई. एखादा साडेनऊ." नवा माणूस रुजू झाला की दोन दिवस नुसता टकामका बघत बसे. तिसऱ्या दिवशी त्याच्याही तोंडी ताई यायच्या.

आता ही काय भानगड, ते सांगतो. ताई ही कोणी कल्पनेतली बाई नव्हती. ती खात्यातल्या फोटोवाल्याची सख्खी थोरली बहीण, हाडामासाची, कपडे शिवून पोट भरणारी, आणि कोणी एक शब्द बोललं तर चार ऐकवणारी. तिची उंची एकशे साठ सेंटिमीटर. शहरात दोनशे बारा जुनी झाडं होती, आणि त्या सगळ्यांची उंची गेली तीस वर्षं ताईने मोजली जात होती.

झाडं एरवी पानांनी झाकलेली असतात तेव्हा त्यांचं माप घेता येत नाही. शेंडा कुठे संपतो ते समजत नाही. म्हणून पानगळ सरत आली, फांद्या उघड्या पडल्या, की खात्याचा फोटोवाला तीन आठवड्यांची फेरी काढायचा. प्रत्येक झाडासमोर ठरलेल्या जागी रस्त्यात एक पितळी खिळा ठोकलेला असे. त्या खिळ्यावर कॅमेऱ्याचा स्टँड उभा करायचा. झाडाच्या बुंध्याला टेकून माहीत असलेल्या उंचीचा माणूस उभा करायचा. फोटो काढायचा. मग ऑफिसात त्या फोटोवर कर्कटक ठेवून बघायचं, की हा एवढासा माणूस त्या झाडात किती वेळा मावतो. पद्धत जुनी, पण बिनखर्चाची, आणि आकडा फार चुकायचा नाही.

पहिल्या वर्षी बुंध्यापाशी ऑफिसचा शिपाई उभा राहिला. त्याची बदली झाली. मग दुसरा आला, तो या फोटोत टोपी घालून आणि त्या फोटोत बिनटोपीचा. तेव्हाचे साहेब वैतागले. "रोज नवा माणूस, रोज नवी टोपी. मोजायचं कशाने, माझ्या डोक्याने?" त्या दिवशी ताई भावाचा विसरलेला डबा द्यायला आली होती. साहेबांनी तिला जरा उभं राहायला सांगितलं, भिंतीला लावून मोजलं, तर बरोबर एकशे साठ. साहेब खूश. गुणाकाराला याहून सोपी बाई मिळणं कठीण होतं.

ताई तेव्हा एकोणचाळीस वर्षांची. नवरा लग्नानंतर चारच वर्षांनी गेला होता, मूलबाळ नव्हतं. आई गेल्यावर, आपल्याहून अकरा वर्षांनी धाकट्या असलेल्या भावाला तिनेच वाढवलं. त्याच्या शाळेच्या चड्ड्या तिने शिवल्या, त्याचा अभ्यास तिने घेतला, त्याच्या कानाखाली वाजवायचं कामही तिनेच केलं. एका तिठ्यावर दुसऱ्या मजल्यावर तिची खोली होती. खिडकीशी शिलाईचं मशीन, मागे कापडाचे तागे, दारामागे इस्त्रीची फळी. गळ्यात चोवीस तास टेप. माणूस दारातून आत आला की ती त्याच्या तोंडाकडे नंतर बघे, आधी खांद्याकडे. "डावा खांदा उतरलाय तुमचा. बॅग त्याच हातात धरता ना?" असं ती बँकेच्या मॅनेजरलाही सुनावायची.

खात्याने तिला कोटाचं कापड दिलं. विटकरी रंगाचं, जाड, बुंध्यापुढे उठून दिसावं म्हणून. कोट तिने स्वतः शिवला, घोट्याच्या वर चार बोटं येईल असा. फेरीचे तीन आठवडे ती मशीनवर कापड झाकायची, दारावर पाटी लावायची आणि भावाबरोबर बाहेर पडायची. सकाळी आठ ते उजेड असेपर्यंत. थंडी, वारा, पायाखाली चिखलात बसलेली पानं. गिऱ्हाइकं कुरकुरायची, की अहो, ऐन थंडीत तुम्ही गायब, आमच्या कोटाची बटणं कोणी लावायची? ताई म्हणे, "तुमची बटणं कुठे पळून जात नाहीत. शहराची झाडं मोजायचीत मला."

भाऊ खिळ्यावर स्टँड लावी, कॅमेऱ्यात डोळा घाली, आणि बटण दाबायच्या आधी ओरडे, "ताई, ताठ!" आवाज असा की तीन घरांच्या खिडक्या उघडायच्या. त्यावरून त्याचं नावच मास्तर पडलं. जन्मात कधी शाळेत शिकवलं नाही त्याने, पण कवायतीच्या मास्तरसारखा ओरडतो म्हणून मास्तर. खातं मास्तर म्हणे, शेजार म्हणे, शेवटी त्याची बायकोही माहेरच्यांशी बोलताना "आमचे मास्तर" म्हणू लागली.

मास्तर तसा नाकासमोर चालणारा माणूस. खोटं बोलायची वेळ आली की त्याला आधी खोकला यायचा. त्याला आयुष्यात दोनच गोष्टी नीट करता येत, फोटो काढणं आणि गप्प बसणं. फेरीवर असताना रस्त्यावरची माणसं पुढे येत, की आमचाही एक काढा. कोणी कुत्रं घेऊन उभं राही, कोणी नातू. मास्तर सगळ्यांचे काढायचा, पुढच्या वर्षी त्याच झाडापाशी आला की आठवणीने फोटो हातात ठेवायचा. काही माणसं वर्षभरात गेलेली असत. मग तो फोटो त्यांच्या घरी देऊन यायचा, दारातच, आत न जाता.

आणि आता मुद्द्याची गोष्ट. झाडाचं एक आहे, जे फोटोवाल्याला कळतं आणि तुम्हाआम्हाला सहसा कळत नाही. झाड वाढतं ते शेंड्याने. बुंध्यावर एकदा जी गाठ पडली, ती जमिनीपासून जेवढ्या उंचीवर असते तेवढ्याच उंचीवर जन्मभर राहते. बुंधा जाड होतो, गाठ वर सरकत नाही. चौदा नंबरच्या अक्रोडावर अशी एक गाठ होती, वाटीएवढी. ताई पहिल्यांदा उभी राहिली त्या वर्षीच्या फोटोत ती बरोबर तिच्या डोक्याला लागून होती. मास्तर गमतीने म्हणायचा, ताईला टोपी घातलीय अक्रोडाने.

आठ वर्षांपूर्वी एका सकाळी त्याने कॅमेऱ्यात डोळा घातला आणि त्याला गाठ आणि डोकं यांच्यामध्ये साल दिसली. दोन बोटं. त्याने डोळा काढला, काच पुसली, पुन्हा घातला. दोन बोटं साल. "ताई, ताठ!" तो ओरडला. "ताठच आहे की!" ती पलीकडून ओरडली, आणि ती खरंच ताठ होती. जितकं ताठ व्हायचं तितकं झाली होती.

बहिणीचं वय होतंय हे त्याला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि कॅमेऱ्यात दिसणं वेगळं. त्याने स्टँड मिटला आणि तो पुढच्या झाडाकडे निघाला. पुढच्या वर्षी ती साल आणखी रुंद झाली. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. मास्तरने त्या सकाळपासून एकच केलं, "ताठ" म्हणायचं सोडून दिलं. नुसतं बोट वर करायचा आणि बटण दाबायचा.

सांगणार कसं? बाईचा ताठा तुम्हाला माहीत नाही. खाली बेकरीवाला राहायचा. तो एकदा सहज म्हणाला, "ताई, जरा खाली आलात हो." झालं! दोन महिने तिने त्याच्याकडचा पाव घेतला नाही, चार रस्ते चालून दुसरीकडून आणायची. डॉक्टरने काठी वापरा म्हटलं तर म्हणाली, काठी तुम्ही वापरा, तुमचा उजवा गुडघा दुखतो ते मला पँटवरून दिसतंय. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते तीन आठवडे. वर्षाचे उरलेले दिवस ती एका खिडकीत बसून दुसऱ्यांच्या अंगाचे कपडे शिवायची. ते तीन आठवडे ती शहराचं माप होती. ते तिच्याकडून काढून घ्यायचं, आणि तेही भावाने? मास्तरला ते जमण्यासारखं नव्हतं. त्याने तोंड मिटून ठेवलं, आणि ऑफिस आपलं एकशे साठने गुणत राहिलं.

आता माप आखूड झालं की त्याने मोजलेली वस्तू लांब होते, हे पोरालाही कळेल. खात्यात कोणाच्या डोक्यात आलं नाही. उलट झाडं भराभर वाढतायत म्हणून सगळे खूश. वार्षिक अहवालात लिहिलं गेलं की नव्या खताचा गुण आला. खतवाल्या विभागाला शाबासकीचं पत्र मिळालं, त्यांनी ते चौकट करून भिंतीवर टांगलं. मास्तर रोज त्या पत्राखालून जायचा आणि रोज त्याला खोकला यायचा.

असं आठव्या वर्षापर्यंत चाललं, आणि त्या वर्षी खात्यात नव्या मॅडम आल्या. वयाने लहान, कामाला कडक, बोलायला नेमक्या. त्यांच्याबरोबर नवा नियमही आला. घरापासून दहा मीटरच्या आत असलेलं झाड अठरा मीटरच्या वर गेलं की ते पाडायचं. आधीच्या वर्षी वादळात कुठेतरी छप्पर फुटलं होतं, त्यावरून हा नियम. मॅडमनी फेरीचे ताजे फोटो घेतले, एका बैठकीत सगळी यादी तपासली. दोनशे बारा झाडांतलं एकच नियमात अडकलं. एकसष्ट नंबरचा चिनार. अकरा ताई आणि वर जवळजवळ अर्धी. म्हणजे अठरा मीटर तीस.

हा चिनार तिठ्यावर होता, ताईच्या खिडकीसमोर. उन्हाळ्यात त्याच्या सावलीत तिची खोली गार राहायची, थंडीत पानं गळाली की त्याच्यातून ऊन थेट मशीनवर यायचं. सुईत दोरा ओवायला तिला तेवढ्या उन्हाचा आधार होता. दुपारी चिनारावर नोटीस चिकटली. दहा दिवसांनी पाडणार.

मास्तर संध्याकाळी तिथे गेला तेव्हा ताई झाडाखाली उभी होती, कोट न घालता, नोटीस तिसऱ्यांदा वाचत.

"अठरा मीटर तीस," ती म्हणाली. "एवढा वाढला?"

"यादीत तसं आलंय," मास्तर म्हणाला.

"तू काढलेल्या फोटोवरून."

"हो."

ती जिना चढून वर गेली. जिन्यात नेहमी तिच्या पायांचा आवाज ऐकू येई, त्या दिवशी मास्तरला तो फार वेळ ऐकू आला.

मास्तरने त्या रात्री घरी बसून गणित मांडलं. अक्रोडाच्या गाठीवरून ताई किती कमी झाली ते साधारण काढलं आणि चिनाराची उंची पुन्हा मोजली. साडेसतरा मीटर. कमीजास्त एखादी वीत. झाड नियमाच्या आत होतं. ते पाडायचं काही कारणच नव्हतं.

सकाळी तो मॅडमपुढे जाऊन उभा राहिला. "एकसष्ट पुन्हा मोजायला हवा," म्हणाला.

"का?"

"आकडा चुकलाय असं वाटतं."

"वाटतं म्हणजे? मास्तर, उंची मोजायचं यंत्र मागवलंय, ते पुढच्या वर्षी येईल. आत्ता माझ्याकडे तुमचा फोटो आहे. चुकलंय तर काय चुकलं ते लेखी द्या. कॅमेरा चुकला, जागा चुकली की माप चुकलं? तिन्हीपैकी काय ते लिहा. मी थांबवते."

म्हणजे आली का पंचाईत! माप चुकलं असं लिहिलं तर ताई गेली. नाही लिहिलं तर चिनार गेला, आणि चिनार गेला म्हणजेही ताईच गेली. मास्तर दोन दिवस जेवला नाही धड. शेवटी बायकोने विचारलंच.

"काय झालंय? ताटाकडे बघून बसता नुसते."

त्याने सगळं सांगितलं. बायकोने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"आठ वर्षं? आठ वर्षं तुम्ही हे पोटात ठेवलंत? अहो, जाऊन सांगा वन्संना. बाई काही काचेच्या नाहीत."

"तू ओळखत नाहीस तिला."

"तुमच्याहून जास्त ओळखते. तुम्ही त्यांना वर्षातून तीन आठवडे बघता, तेही एक डोळा मिटून."

मास्तरने ऐकलं नाही. पुरुषमाणूस असा हट्टाला पेटला की त्याला वाटतं आपण फार मोठा त्याग करतोय. त्याने पत्र लिहिलं. कॅमेऱ्याच्या भिंगात गेली काही वर्षं दोष आहे, तो मला माहीत होता, मी कळवला नाही, चूक सर्वस्वी माझी. खाली सही. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. बायकोने ते पत्र वाचलं, कपाळावर हात मारून घेतला, आणि ती चपला घालून बाहेर पडली. कुठे जाते ते सांगितलं नाही.

मॅडमनी पत्र वाचलं. मग मास्तरकडे बघितलं. मास्तर खोकत होता.

"भिंगात दोष असेल," त्या म्हणाल्या, "तर तो झाडाला लागेल तसा शेजारच्या माणसालाही लागेल. दोघंही सारखीच लांब होतील. झाडात माणूस जेवढ्या वेळा मावायचा तेवढ्याच वेळा मावेल. मास्तर, तीस वर्षं तुम्ही हे काम करताय. हे तुम्हाला मी सांगायचं?"

आयुष्यातलं पहिलं मोठं खोटं, आणि तेही दोन मिनिटांत उघडं पडलं.

"हे मी पुढे पाठवलं तर तुमची चौकशी लागेल," मॅडम म्हणाल्या. "आणि झाड तरीही पडेल. कारण चुकीच्या आकड्याच्या जागी बरोबर आकडा कोणता, ते यात कुठेच नाही."

तेवढ्यात दार न वाजवता ताई आत आली. गळ्यात टेप, हातावर विटकरी कोट, मागे मास्तरची बायको, धापा टाकत.

"याने जे काय लिहून आणलंय ते बाजूला ठेवा," ताई म्हणाली. "लहानपणापासून याला खोटं बोलता येत नाही. मीच मारून मारून ती सवय मोडली होती."

तिने कोट मॅडमच्या टेबलावर उलटा पसरला. फायली सरकवल्या, दौतही सरकवली, विचारायच्या भानगडीत पडली नाही. खिशातून बारीक कात्री काढली आणि कोटाच्या खालच्या कडेची शिलाई उसवू लागली. कात्रीचा तेवढा कुटकुट आवाज. कडेचा दुमडलेला भाग सुटला आणि आतलं कापड बाहेर आलं. बाहेरचा कोट तीस वर्षांच्या उन्हापावसाने फिका झालेला, आतली पट्टी मात्र गडद. आणि त्या पट्टीवर एकाखाली एक आडव्या रेघा होत्या. दुमडीच्या. काही ठिकाणी जुन्या दोऱ्याचे तुकडे अजून अडकलेले.

"मोजा," ताई म्हणाली.

मॅडमनी मोजल्या. नऊ.

"दहा वर्षांपूर्वी फेरीच्या आदल्या दिवशी कोट घातला तर तो खाली आला. मला वाटलं कापड सैल झालं. मूर्ख कुठली! आयुष्य गेलं लोकांची मापं घेण्यात, आणि मी म्हणते कापड सैल झालं." ती हसली, पण ते हसणं लगेच आवरलं. "मग मी तेवढी दुमड घातली. फोटोत कोट घोट्याच्या वर चार बोटंच दिसला पाहिजे ना? दर वर्षी फेरीच्या आधी घालत आले. एक वर्ष फरक पडला नाही, तेव्हा आहे तीच ठेवली. ही सगळ्यात वरची रेघ गेल्या फेरीची. एकूण सात सेंटिमीटर. मी टेपने मोजलंय, तुम्ही तुमच्या पट्टीने मोजा."

मॅडमनी पोलादी पट्टी लावली. सात.

मास्तर टेबलाला धरून उभा होता. "तुला माहीत होतं?" तो म्हणाला.

"आणि तुला?"

त्याला नुसता खोकला आला.

"तू ताठ म्हणायचं सोडलंस ना, त्याच दिवशी मला कळलं की तुला कळलंय," ताई म्हणाली. "बोट वर करायला लागलास. बावीस वर्षं रस्ताभर ऐकू जाईल असा ओरडणारा माणूस अचानक बोट वर करतो? मी काय बुंध्यासारखी ठोंब आहे? रोज वाटायचं, आज सांगेल, उद्या सांगेल. मग वाटलं, नाही सांगत तर बरंच आहे. सांगितलं की दुसरी कोणी उभी करतील. मला नको होतं ते. एवढं साधं आहे. मला नको होतं."

मास्तरच्या बायकोने डोळ्याला पदर लावला. मास्तर कोटाच्या रेघांकडे बघत राहिला.

मॅडम उठल्या. "भिंतीला उभ्या राहा," म्हणाल्या.

ताईने बूट काढले. तीस वर्षांपूर्वी जिथे उभी राहिली होती त्याच भिंतीला पाठ लावली. टाचा, पाठ, डोकं. मॅडमनी डोक्यावर वही आडवी धरली, पेन्सिलीने खूण केली, मोजलं. एकशे त्रेपन्न. त्यांनी कागदावर गुणाकार केला, मग पुन्हा केला, तेव्हा मास्तरने आपण त्या रात्री घरी काढलेला आकडा सांगितला. दोन्ही एकच आले. साडेसतरा.

"नोटीस काढून टाकते," मॅडम म्हणाल्या. "आणि या रेघांवरून मागच्या दहा वर्षांचे सगळे आकडे दुरुस्त करता येतील. प्रत्येक वर्षाची रेघ आहे. असा पुरावा मला कुठल्याही फायलीत मिळाला नसता." मग म्हणाल्या, "खतवाल्यांना काय सांगायचं ते बघते."

ताईने बूट घातले नव्हते. मोज्यांवरच उभी होती. "मग माझं काम संपलं," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली. कोटाची घडी घालायला लागली.

"का?" मॅडम म्हणाल्या. "माप दीडशेचं असलं काय, आणि एकशे साठचं असलं काय, मला फरक पडत नाही. ते किती आहे ते मला माहीत हवं. दर वर्षी फेरीच्या पहिल्या दिवशी इथे यायचं, बूट काढून या भिंतीला उभं राहायचं, आणि जो आकडा येईल तो सगळ्यांसमोर नोंदवहीत जाईल. लपवाछपवी नाही. चालेल?"

आता ही अट ऐकायला सोपी आहे. पण ज्या बाईने खाली आलात म्हटल्यावर दोन महिने पाव घेतला नाही, तिला दर वर्षी चारचौघांत आपण किती उणे झालो ते ऐकायचं होतं. ताई बराच वेळ घडी घालत राहिली. झालेली घडी मोडून पुन्हा घातली.

"फरशीवर काहीतरी अंथरा तेवढं," ती शेवटी म्हणाली. "पाय गार पडतात."

पुढच्या पानगळीला मॅडमनी भिंतीपाशी सतरंजीचा तुकडा अंथरून ठेवला होता. यंत्रही आलं होतं, पण त्याची किल्ली कुठलीशी चुकीची आली म्हणून ते खोक्यातच पडून होतं. सगळं ऑफिस जमलं. ताई भिंतीला उभी राहिली. कारकुनाने मोठ्याने वाचलं, एकशे बावन्न पूर्णांक सहा. "नीट लिही," ताई म्हणाली, "सहाचा आठ दिसतो तुझा." ऑफिसात आता एक नवीच कटकट झाली होती. कोणी म्हणालं नऊ ताई, की दुसरा विचारायचा, कुठल्या सालच्या ताई?

एकसष्ट नंबरला ते दुपारी पोचले. चिनाराची पानं जवळजवळ सगळी खाली आली होती, बेकरीवाला दारात उभा होता, त्याचं कुत्रं पानांत लोळत होतं. ताई बुंध्याला जाऊन टेकली. कोटाची खालची कड तिने पुन्हा दुमडली नव्हती. गडद पट्टी तशीच मोकळी सोडलेली, कोट घोट्याखाली आलेला, बुटांवर टेकलेला. नऊ रेघा लांबूनही दिसत होत्या.

मास्तरने पितळी खिळ्यावर स्टँड लावला. काचेत डोळा घातला. बोट वर करायला हात उचलला, आणि तो हात तसाच खाली आला. घसा खाकरला. नऊ वर्षं तो शब्द बाहेर पडला नव्हता.

"ताई, ताठ!"

तिठ्यावरच्या तीन खिडक्या उघडल्या. कुत्रं उठून उभं राहिलं.

"आहे तेवढी ताठच आहे!" ताई पलीकडून ओरडली. "काढ तू!"